कंपनीचा विमा आहे म्हणून बाहेरचं काही लागत नाही? कोण म्हणतं?

रानजाई:
काल इथे एकाने लिहिलं की कंपनी ग्रुप टर्म (माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा) देते, अपघात विमा देते, मेडिक्लेम देते, वर पीएफचा विमा आहेच, मग पगारदार माणसाने खिशातून प्रीमियम भरणं म्हणजे एजंटचं घर भरणं. खाली सगळे वाहवा करतायत. डोकं फिरलं म्हणून लिहितेय. माझ्या दिराला चाळिशीत पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. अपघात विम्यासाठी एचआरने डिस्चार्ज कार्ड मागितलं, सिव्हिलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट मागितलं, जाऊबाईंनी सगळं पळापळ करून दिलं आणि उत्तर आलं की हा अपघात नाही, आजार आहे, क्लेम बसत नाही. ग्रुप टर्म तर माणूस गेल्यावर. इथे माणूस जिवंत आहे, पगार बंद, होम लोनचा हप्ता चालू. पुढे नोकरी गेली, तिच्याबरोबर मेडिक्लेम गेला. आता झटका येऊन गेलेल्या माणसाला बाहेर कोण पॉलिसी देणार ते सांगा.

एक्सेलशीट:
कालची पोस्ट माझीच. दिरांचं वाचून वाईट वाटलं, पण एका केसवरून सगळ्यांना घाबरवू नका. पीएफच्या विम्याला कर्मचाऱ्याचा रुपया लागत नाही, कंपनी पगाराच्या १५,००० च्या मर्यादेवर अर्धा टक्का म्हणजे महिना ७५ रुपये भरते आणि नोकरीत असताना माणूस गेला तर ७ लाखांपर्यंत मिळतात. ईएसआयवाल्याला, म्हणजे कमी पगारवाल्यांच्या सरकारी विम्यात असलेल्याला, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, कामावर अपघात झाला तर ९० टक्के. हे लोकांना माहीतच नसतं. आणि एजंट! माझ्या वडिलांच्या गळ्यात एका नातेवाइकानेच मनीबॅक (मध्ये मध्ये थोडे पैसे परत देणारी पॉलिसी) मारली, जन्मभर हप्ते भरले आणि कव्हर किती तर दोन लाख. असल्या एजंटांवर लिहा की कधी.

भोसरीवाला:
ईएसआयचं कौतुक सांगू नका, पगार २१,००० च्या वर गेला की पुढच्या सहामाही पिरियडपासून बंद. आमच्याकडे इन्क्रिमेंट लागली की पोरं आनंद करायच्या आधी हाच हिशोब करतात. पण मला वेगळंच बोलायचंय. नॉमिनी कोण आहे ते किती जणांनी बघितलंय? आमच्या लाइनवरचा एक जण गेला, ग्रुप टर्मच्या फॉर्मवर जॉइनिंगच्या वेळचं आईचं नाव तसंच. पैसे आईच्या खात्यात, बायको दोन पोरं घेऊन माहेरी. जाम राग आला होता.

माईसाहेब:
राग कसला? आईने वाढवला, शिकवला, तिचा हक्क नाही? सून उद्या दुसरं लग्न करेल, म्हातारीने कुठे जायचं?

भोसरीवाला:
माई, पोरं कुणाची आहेत? त्यांची शाळेची फी म्हातारी भरतेय का? मी त्या घरात जाऊन आलोय, तुम्ही नाही.

हिशोबनीस:
भांडा, पण नियम समजून. पीएफमध्ये लग्नाआधी भावाचं नाव टाकलं असेल तर लग्नानंतर ते रद्दच धरतात, नव्याने ई-नॉमिनेशन करावं लागतं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असली तर पैसा त्यांचाच, ती नुसती पैसे घेऊन वारसांना वाटणारी राहत नाहीत. म्हणून फॉर्मवर कुणाचं नाव आहे याला महत्त्व. दोघांना टक्के वाटून देता येतात, आईलाही आणि बायकोलाही.

माईसाहेब:
हे टक्क्यांचं आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तरी मी म्हणेन आईचं नाव काढू नये.

न्यूजर्सीकर:
इकडे आमच्या कंपनीत लाँग टर्म डिसेबिलिटी म्हणजे दीर्घ अपंगत्वाच्या विम्यात पगाराच्या ६० टक्के मिळतात, आजाराने अपंगत्व आलं तरी. भारतात हा प्रकार का रुजत नाही?

एक्सेलशीट:
तुमचं तिकडचं तिकडे राहू द्या साहेब. इथे निम्म्या लोकांना सॅलरी स्लिप मिळत नाही.

रानजाई:
का राहू द्या? हेच तर मी सांगतेय. सरकारी नोकरीत अपंगत्व आलं तर २०१६ च्या कायद्याने काढता येत नाही, दुसरं काम द्यावं लागतं. खासगीत ते संरक्षण नाही, आणि कंपनीचा विमा फक्त अपघात बघतो. तुमच्या एक्सेलमध्ये यासाठी रकाना आहे का?

एक्सेलशीट:
नाही, मान्य. टर्म बाहेरची घ्यावी हेही मान्य, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. पण मनीबॅक कुणी घेऊ नये यावर मी हटणार नाही. झटक्याला नेमकं काय चालतं ते सांगा, नुसतं ओरडू नका.

रानजाई:
क्रिटिकल इलनेस, म्हणजे ठरावीक गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारी पॉलिसी. टर्मवर रायडर म्हणजे जोड कव्हर म्हणून किंवा वेगळी. त्यात झटका असतो, पण शरीरातला दोष तीन महिने तरी टिकलेला आणि कायमचा आहे असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. घ्यायची ती तब्येत धडधाकट असताना, कंपनीचं कव्हर कितीही मोठं असू दे.

भोसरीवाला:
आणि टर्ममध्ये नॉमिनी बायकोला करा.

माईसाहेब:
अर्धा टाका आईला!