शब्दचर्चा : ‘बेनिफिशियल ओनर’ला लाभार्थी म्हणावे का?

मूळ प्रश्न

अमेरिकेतल्या वायली बंधूंच्या खटल्यावरचा मजकूर मराठीत आणते आहे आणि एका शब्दावर गाडी अडली आहे. प्रकरण थोडक्यात असे. सॅम आणि चार्ल्स वायली हे टेक्ससमधले धनाढ्य भाऊ. मायकल्स स्टोअर्स, स्टर्लिंग सॉफ्टवेअर वगैरे चार कंपन्यांच्या संचालक मंडळांवर दोघे होते. या कंपन्यांचे शेअर आणि ऑप्शन (ठरल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क) त्यांनी ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या ट्रस्टांकडे आणि त्या ट्रस्टांच्या कंपन्यांकडे वळवले. पुढची खरेदी-विक्री ट्रस्टांच्या नावाने झाली. बाजाराला यातले काहीच कळवले गेले नाही. २०१० मध्ये तिथल्या रोखे आयोगाने (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) दावा लावला आणि दडवलेल्या व्यवहारांतून ५५ कोटी डॉलरचा नफा कमावल्याचा आरोप केला. २०११ मध्ये चार्ल्स अपघातात गेले. मे २०१४ मध्ये ज्यूरीने सॅमविरुद्ध आणि चार्ल्सच्या मागे राहिलेल्या मालमत्तेविरुद्ध निकाल दिला.

सगळा वाद एकाच गोष्टीवर होता : या शेअरचा ‘बेनिफिशियल ओनर’, म्हणजे कागदावर नाव कोणाचेही असो, कायद्याच्या नजरेतला खरा मालक, कोण? शब्दकोशात ‘लाभार्थी मालक’ सापडते, पण ते वाचवत नाही. दुसरे काही आहे का?

(यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘सिक्युरिटीज फ्रॉड’चे, म्हणजे रोख्यांतल्या फसवणुकीचे, ‘सुरक्षा फसवणूक’ झाले होते. वाचून वाटले, चौकीदारानेच घर लुटले.)

प्रतिसाद १

‘लाभार्थी’ नकोच. मराठीत लाभार्थी म्हटले की सरकारी योजनेच्या यादीत नाव लागलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या यादीत बसायला गरीब असावे लागते. सरळ ‘बेनामी मालक’ म्हणा की.

प्रतिसाद २

बेनामी हा शब्द मोहात पाडतो, पण इथे जपून. एक तर त्याचा शब्दशः अर्थच फसवा आहे. फारसी ‘बे’ म्हणजे विना, म्हणून बेनामी म्हणजे नाव नसलेले. प्रत्यक्षात बेनामी मालमत्तेला नाव असते, अगदी ठसठशीत असते, फक्त ते दुसऱ्याचे असते. ज्याला खरेच नाव नाही त्याला आपण ‘निनावी’ म्हणतो. निनावी पत्राखाली सही नसते. बेनामी जमिनीच्या कागदावर मात्र सही, शिक्का, सगळे जागच्या जागी असते. व्यवहारात हा फरक मराठी माणूस कधी चुकत नाही. ‘बेनामी पत्र’ कोणी म्हणत नाही.

दुसरे कारण कायद्याचे. आपल्याकडचा १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा मुख्यतः विचारतो की मालमत्ता एकाच्या नावावर असताना पैसा कोणी मोजला. अमेरिकेच्या रोखे कायद्यातला प्रश्न वेगळा आहे. त्या शेअरचे मत कोण देतो किंवा ते विकायचे की ठेवायचे हे कोण ठरवतो, थेट किंवा आडून, तो बेनिफिशियल ओनर. पैसा कोणाचा हे विचारलेलेच नाही, आणि गंमत म्हणजे या व्याख्येत लाभ कोणाला हेही नाही. म्हणजे ‘बेनिफिशियल’ हा शब्द मूळ इंग्रजीतच चकवणारा आहे. आपण तो प्रामाणिकपणे ‘लाभ’ असा आणला, तर चूक दुप्पट होते.

हे कळवायचे कशासाठी, तेही मजकुरात येऊ द्या. एखाद्या कंपनीचे पाच टक्क्यांहून जास्त शेअर हाती आले की तसे जाहीर करावे लागते. संचालकाला तर स्वतःचे व्यवहारही कळवावे लागतात. संचालकच शेअर विकतो आहे ही बातमी बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोलाची असते. वायलींनी दडवली ती हीच. कर चुकवला हा त्यापुढचा भाग.

प्रतिसाद ३

माझे मत ‘धनी’ या शब्दाला. शेताचा धनी, घराचा धनी. मालकी आणि हुकमत दोन्ही त्यात येतात, पैसेवाला हा अर्थही येतोच. ‘खरा धनी’ म्हटले की काम झाले.

आणि तुम्हाला हवे आहे ते आपल्याकडे तयारच आहे : बोलविता धनी. बोलणारा एक, बोलविता धनी वेगळाच. ट्रस्टी बोलतात, सह्या करतात, शेअर विकतात. बोलविता धनी दुसऱ्या खंडात बसलेला. न्यायालयाला तरी दुसरे काय शोधायचे होते?

प्रश्नकर्ती

बोलविता धनी! हा कसा सुचला नाही? कायद्याच्या कलमाच्या भाषांतरात तो चालणार नाही, तिथे ‘नियंत्रक मालक’ असे काहीतरी कोरडे लिहावे लागेल. पण लेखाच्या अंगात तोच घेते.

यावरून आठवले. वायलींचा बचाव असा होता की आम्ही ट्रस्टींना फक्त ‘रेकमेंडेशन’ देत होतो, निर्णय त्यांचा. भावांच्या विश्वासातली माणसे ट्रस्टचे ‘प्रोटेक्टर’, म्हणजे ट्रस्टींवर नजर ठेवणारे, होती, ती हे निरोप पोचवत. ट्रस्टी ते पाळत. याला मी ‘सूचना’ लिहिले आहे. बरोबर आहे ना?

प्रतिसाद २

नाही! म्हणजे, फारच बरोबर आहे, म्हणून चालणार नाही. ‘सूचना’ मराठीत दोन्हीकडे तोंड असलेला शब्द आहे. ‘एक सूचना करू का?’ यात ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक आहे. ‘परीक्षार्थींसाठी सूचना’ यात ती नाही. ती सूचना धुडकावून बघा. साहेबाने ‘सूचना दिल्या’ म्हणजे हुकूम दिले, सदस्याने ‘सूचना केली’ म्हणजे मत मांडले. ‘देणे’ आणि ‘करणे’ एवढ्यावर अर्थ फिरतो.

या खटल्यात भांडण नेमके त्या दोन अर्थांच्या मधल्या फटीवर होते. वायली म्हणत, आम्ही सूचना केल्या. आयोग म्हणे, तुम्ही सूचना दिल्या. तुम्ही नुसते ‘सूचना’ लिहिले तर वाचकाला वाद कशावर आहे तेच कळणार नाही. आरोपींच्या तोंडी ‘शिफारस’ ठेवा आणि आयोगाच्या तोंडी ‘आदेश’. जी शिफारस वर्षानुवर्षे एकदाही नाकारली जात नाही तिला काय म्हणायचे, ते वाचक ठरवील.

जाता जाता, ट्रस्टच्या जगात ‘लेटर ऑफ विशेस’ नावाचा कागद असतो, त्यात ट्रस्ट करणारा आपल्या इच्छा ट्रस्टींना कळवतो. त्याचे ‘इच्छापत्र’ मात्र करू नका. इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र.

प्रतिसाद ४

तुमच्या मजकुरात ‘ज्यूरीने दोषी ठरवले’ असे कुठे असेल तर तेही बदला. दावा दिवाणी होता. रोखे आयोग कोणाला तुरुंगात धाडू शकत नाही, ते काम फौजदारी खटल्याचे. दोषी म्हटले की मराठी वाचकाला गजाआडचा माणूस दिसतो. ‘जबाबदार धरले’ हे नेमके आहे, आणि मिळमिळीतही नाही. जबाब देणे ज्याच्यावर आहे तो जबाबदार. त्याच ‘जबाब’चा आखूड होऊन आपला ‘जाब’ झाला. बड्या धेंडांना जाब विचारणे म्हणजे त्यांना जबाबदार धरणे, शब्दानेसुद्धा.

प्रश्नकर्ती

दुरुस्त केले. आता शेवटचा काटा : ‘डिसगोर्जमेंट’. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये सुमारे १८.७ कोटी डॉलरची डिसगोर्जमेंट ठरवली, व्याज धरून आकडा ३० कोटींच्या घरात गेला. ‘दंड’ लिहू?

प्रतिसाद ३

दंड नको. ‘गॉर्ज’ म्हणजे घसा. गिळलेले घशातून परत काढायला लावणे हा मूळ अर्थ. आपण पैसा ‘खातो’, ‘गिळतो’, ‘पचवतो’, ढेकरही देत नाही. मग ‘ओकायला लावले’ हे त्याचे अगदी सख्खे मराठी रूप आहे. गुळगुळीत हवे असेल तर ‘गैरनफ्याची वसुली’.

प्रतिसाद २

दंड की वसुली, हा घोळ फक्त भाषांतरकाराचा नाही. २०१७ च्या कोकेश खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुदतीच्या कायद्यापुरती ही वसुली म्हणजे दंडच, म्हणून दावा लावायला पाच वर्षांची मुदत लागू. २०२० च्या लिऊ खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की वसुली निव्वळ नफ्यापेक्षा जास्त नसेल आणि फसलेल्यांसाठी असेल तर आयोगाला ती मागता येते. एका शब्दाच्या अर्थावर आरोपींचे कोट्यवधी डॉलर वाचतात किंवा जातात.

वायलींच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. शाइंडलिन यांनी गैरनफा मोजला तो वाचवलेल्या करावरून. त्यामुळे इथे ‘ओकणे’ चपखल बसते की नाही, मला जरा शंका आहे. कर चुकवणाऱ्याने काही गिळलेले नसते, ताटात वाढायचे टाळलेले असते.

प्रतिसाद ३

ही शंका मान्य. पण शीर्षकात ‘वसुली’पेक्षा ‘ओकायला लावले’ उठून दिसेल.

प्रश्नकर्ती

शीर्षकात ‘ओकायला लावले’, आत ‘गैरनफ्याची वसुली’. ‘टॅक्स हेवन’चे, म्हणजे जिथे कर नाममात्र असतो त्या ठिकाणाचे, मी ‘करस्वर्ग’ केले आहे, त्यावर कोणी काही म्हणाले नाही, याचा अर्थ चालते असे समजू?

प्रतिसाद ४

समजू नका, मी टंकत होतो. ‘हेवन’ म्हणजे वादळात गलबत आसऱ्याला जाते ते बंदर. स्वर्ग म्हणजे ‘हेव्हन’. फ्रेंचांनी मात्र खरोखरच स्वर्ग म्हटले आहे, जर्मन लोक वाळवंटातली हिरवळ म्हणतात. तेव्हा ‘करस्वर्ग’ चुकून का होईना, फ्रेंच पंगतीत बसतो. मी ‘करबंदर’ केले असते.

प्रश्नकर्ती

करबंदर! आइल ऑफ मॅनला तर शब्दशः लागू. घेतला.