वाचकांकडे मागायची ती वर्गणी की देणगी?

अर्धविराम
नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे लिहितो. जाहिरात घेत नाही, वाचक देतील त्यावर चालतं. यंदाच्या आवाहनात ‘वर्गणी पाठवा’ लिहिलं, तर मसुदा वाचणाऱ्या मित्राने ते खोडून ‘देणगी’ केलं. वर्गणी म्हटलं की कोणी पावतीपुस्तक घेऊन दारात उभं आहे असं वाटतं म्हणे. तेवढ्यात एका वाचकाने विचारलं, “नवा कॅमेरा दिसतोय, म्हणजे बरं चाललंय की! मग आमच्याकडे कशाला?” (कॅमेरा भावाचा, जुना.) तर शब्द कोणता लिहू? आणि ही जी चौकशी चालते, तिला काय म्हणायचं?

जुनी वही
क्रियापदं बघा. वर्गणी भरतात, देणगी देतात. वर्गणी थकते, देणगी थकत नाही. मी एका लहानशा मंडळाची खजिनदार होते. थकबाकीदारांची यादी निघायची ती वर्गणीची, आभाराची यादी निघायची ती देणगीची. वर्गणी भरणारा सर्वसाधारण सभेत उठून रिक्षाभाडंसुद्धा विचारायचा, आणि तो त्याचा हक्कच. ‘वर्गणी’ लिहिणार असाल तर कॅमेऱ्याचा प्रश्न ऐकून घ्यावा लागेल.

कानामात्रा
माझा अनुभव उलटा आहे, वहीताई. वर्गणीवाला पावती घेतो आणि विसरतो. मोठी देणगी देणारा पुढची पाच वर्षं सल्ले देतो.

शुद्धमती
दोन्ही नकोत. ‘लोकनिधी’ लिहा. संस्कृत, स्वच्छ, कुणाला मागितल्यासारखं वाटत नाही. नाहीतर उद्या हिंदीसारखं ‘चंदा’ सुरू होईल. आपल्या पैशाचा जमाखर्च तरी आपल्या शब्दांत हवा.

कानामात्रा
‘जमा’ अरबी. ‘खर्च’ फारसीतून आलेला. ‘पैसा’ तेवढा राहू द्या. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश 1925 चा आहे, एकदा चाळा. आणि निधी म्हणजे ठेवा, कुबेराचे नऊ होते. ज्याच्याकडे काही नाही म्हणून तो मागतोय, त्याला निधी?

शुद्धमती
रुळलेल्या शब्दांबद्दल मी बोललेच नाही. नवा घेताना तरी निवडून घ्यावा, एवढंच.

तळटीप
‘सबस्क्रिप्शन’चा लॅटिन अर्थ ‘खाली लिहिणे’, म्हणजे यादीखाली सही करून पैसे कबूल करणे. 1885 मध्ये पुलित्झरने आपल्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रातून स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चबुतऱ्यासाठी आवाहन केलं. लाखाहून अधिक लोकांनी मिळून लाखाहून अधिक डॉलर दिले. बहुतेक रकमा एका डॉलरच्या आतल्या, तरी देणाऱ्यांची नावं छापली. अगदी नमुनेदार वर्गणी! पैसे चबुतऱ्याचे होते, म्हणून चबुतरा उभा राहिला की हिशेब संपला. अर्धविरामांची पंचाईत अशी की चबुतऱ्याला पोट नसतं. लिहिणाऱ्याला असतं. त्याचं घरभाडं, दवाखाना, चष्मा हे सगळं ‘लेखनाचा खर्च’ आहे की नाही?

अर्धविराम
हेच! मी वर्षाचा जमाखर्च जाहीर करतो. त्यात ‘मानधन, स्वतःला’ अशी ओळ घातली तर तिच्यावरच सगळे तुटून पडले. स्वतःच स्वतःला मान कसा द्यायचा, असं एकाने विचारलं. शब्दार्थाने बरोबर आहे त्याचं.

जुनी वही
‘मेहनताना’ लिहा. त्यात मान नाही, मेहनत आहे.

शुद्धमती
पुन्हा फारसी वळण.

पानगळ
मला ‘पदरमोड’ आठवला. इतकी वर्षं लेखकाने पदरमोड केली, आता वाचकांनी थोडी करावी. आजी म्हणायची, पदराच्या गाठीतलं नाणं मोडायचं म्हणून पदरमोड. नोट मोडतो तसं.

कानामात्रा
आजीबद्दल आदर आहे, पण ‘मोड’ म्हणजे इथे तोटा, नुकसान. गाठ सोडतात, मोडत नाहीत.

पानगळ
नाणं मोडतात म्हटलं मी, गाठ नव्हे. नीट वाचा.

तळटीप
‘पदराला खार लागणे’ही याच घरातलं. ‘पदर पसरणे’ आहेच. मागणाराही पदर वापरतो आणि देणाराही, हे गमतीचं आहे.

शुद्धमती
‘पदरमोड’ मला चालेल.

जुनी वही
पण पदरमोड मागता येत नाही. “कृपया पदरमोड करा” असं आवाहन कुणी लिहील का? ती आपण होऊन करायची.

अर्धविराम
मंडळी, मसुदा उद्या द्यायचाय. तूर्त ‘तुमचा वाटा पाठवा’ असं लिहिलंय. आणि त्या चौकशीचा शब्द राहिलाच. ‘झाडाझडती’ फार पोलिसी वाटते, ‘हिशेब मागणे’ फार सभ्य.

कानामात्रा
‘वाटा’ नको हो. वाटा नफ्यात असतो, उद्या कॅमेऱ्यातही मागतील.

पानगळ
खारीचा वाटा नफ्यात होता का?