नागपूरच्या शाळेतील परसबाग: निधीच्या प्रस्तावाविषयी

प्रेषक: सामाजिक उपक्रम समिती, ऑस्टिन

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून शिल्लक राहिलेली रक्कम नागपूरमधील एका प्राथमिक शाळेला परसबागेसाठी द्यावी, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. मुलांमधील वाढत्या लठ्ठपणाला आळा घालणे हा त्यामागील हेतू असून वाफे, ठिबक सिंचन, कुंपण आणि माहितीफलक असा खर्चाचा आराखडा तयार झाला आहे. अमेरिकेत आपल्याच ऑस्टिन परिसरात ‘टेक्सास स्प्राउट्स’ हा शाळाबागांचा मोठा प्रयोग झालेला असल्याने त्याच धर्तीवर काम करावे, असे बहुतेकांचे मत पडले. नागपूरच्या सभासदांनी आपले मत अवश्य कळवावे.

प्रेषक: एक सभासद (निवृत्त शिक्षक), नागपूर

ताई, सप्रेम नमस्कार.

प्रस्तावाला माझा विरोध नाही. मात्र त्यातील हेतू आणि खर्च यांचा मेळ बसत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ज्या प्रयोगाचा दाखला दिला आहे, त्यात १६ शाळांपैकी निम्म्या शाळांमधील तिसरी ते पाचवीच्या मुलांना वर्षभरात तासाभराचे १८ पाठ दिले गेले. त्या पाठांत बागकामाइतकेच महत्त्व स्वयंपाकाला आणि पोषणाच्या माहितीला होते, शिवाय पालकांसाठीही पाठ घेतले जात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या खाण्यातील भाज्या वाढल्या, परंतु बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) आणि रक्तदाब यांत फरक पडला नाही. पुढे २०२३ मध्ये रक्ततपासण्यांचे विश्लेषण आले, तेव्हा एलडीएल (अपायकारक) कोलेस्टेरॉल आणि रक्तशर्करेची सरासरी यांत किंचित सुधारणा आढळली. त्यापूर्वी लॉस एंजेलिसमधील चार शाळांत १२ आठवडे चाललेल्या छोट्या प्रयोगात मुलांच्या कंबरेचा घेर आणि बीएमआय कमी झाला होता. मोठ्या प्रयोगात तो परिणाम दिसला नाही. म्हणून बागेमुळे मुलांची वजने उतरतील, असे आश्वासन देणगीदारांना देऊ नये. मुले अधिक भाजी खाऊ लागतील, एवढे म्हणता येते, आणि घरोघरीचे डबे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते थोडे वाटणार नाही.

आता नागपूरचे. अमेरिकेत बाग भरात येते तेव्हा शाळेला सुट्टी असते, हे आपण तिथे पाहतच असाल. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्या सुमारास पाऊसही सुरू झालेला असतो, आणि पहिल्या सत्रात भेंडी, चवळी, गवार, दोडका, तर दिवाळीनंतर पालक, मेथी, मुळा, सांभार (कोथिंबीर) अशी दोन पिके शाळेच्या वर्षातच हाती येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा मुलेही घरी असतात आणि वाफेही रिकामे ठेवता येतात. उन्हाळ्यात जगवायचे ते शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू एवढेच. मग संपूर्ण बागेला ठिबक कशासाठी? येथील काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे (उंच केलेले वाफे) आणि पाण्याचा निचरा यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल, आणि तो खर्च फार नाही.

बागेतून शाळेचे जेवण निघेल, अशीही अपेक्षा धरू नये. शासकीय पोषण आहार योजनेत प्राथमिकच्या प्रत्येक मुलासाठी रोज ५० ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे २०० मुलांना दिवसाला १० किलो भाजी लागते, आणि चार-सहा वाफ्यांतून तेवढी रोज निघणे शक्य नाही. तेथील भाजी शिकण्यासाठी आणि चाखण्यासाठी आहे. नवी भाजी मुलाच्या जिभेला रुचायला ती आठ-दहा वेळा तरी समोर यावी लागते, आणि स्वतः पेरलेल्या, खुडलेल्या, चिरलेल्या भाजीला नाही म्हणणे मुलांना अवघड जाते. त्यासाठी माहितीफलकांऐवजी एक शेगडी, काही भांडी, आणि आठवड्यातून तीन दिवस येणारी, मुलांकडून काम करवून घेणारी एखादी जाणती बाई हवी. तिच्या मानधनाला आराखड्यात जागाच नाही. शिक्षकांवर हे काम टाकले, तर पहिल्या परीक्षेपर्यंत वाफ्यांत तण माजेल, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. पण याच वयोगटात वाढ खुंटलेली मुले ३५.५ टक्के आहेत. शाळेतही दोन्ही प्रकारची मुले एकाच बाकावर बसतात. त्यामुळे उपक्रमाच्या नावात लठ्ठपणा हा शब्द नको, आणि वर्गासमोर वजने मुळीच घेऊ नयेत. त्याऐवजी शाळेचे उपाहारगृह आणि फाटक यांकडे लक्ष द्यावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी जास्त चरबी, मीठ व साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई केली आहे. आत पालकाची भाजी आणि बाहेर पडताच चिप्सची पाकिटे, अशी स्थिती असेल तर शाळेने आधी तिथे हात घालावा.

शेवटी निधीबद्दल. मंडळाची नोंदणी अमेरिकेत असल्याने ही रक्कम परकीय देणगी ठरते. ज्या संस्थेची शाळा आहे तिला एफसीआरएची (परकीय देणगी नियमन कायद्याखालील) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागेल, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच जमा करावी लागेल. हे आधी विचारून घ्यावे.

प्रेषक: सामाजिक उपक्रम समिती, ऑस्टिन

सर, सविस्तर पत्राबद्दल आभारी आहोत. माहितीफलक वगळले असून ठिबक केवळ झाडांपुरते ठेवले आहे. कुंपण मात्र ठेवावे, असे आम्हांला वाटते, कारण मोकाट जनावरांची तक्रार शाळेनेच केली आहे. मानधनाची तरतूद एका वर्षासाठी करून भागणार नाही, म्हणून हीच रक्कम तीन वर्षांत विभागून देता येईल का, हे खजिनदार पाहत आहेत. संस्थेकडे एफसीआरएची विचारणा आजच पाठवली आहे.