एक तारखेचं चलन: पाचशे भरून टाकावेत की भांडावं?

विषमज्वर
३१ तारखेला रात्री स्कूटर पी-१ च्या पाटीखाली लावली. पी-१ म्हणजे विषम तारखेचं पार्किंग, पी-२ म्हणजे सम तारखेचं. दुसऱ्या दिवशी १ तारीख, तीही विषमच, म्हणून हलवली नाही. दुपारी मेसेज आला: नो पार्किंग, ५०० रुपये. 'काल ही बाजू, म्हणजे आज समोरची' असा सरळ हिशेब कुणीतरी केलेला दिसतोय. एकतीस दिवसांचे महिने वर्षात सात. तेव्हा यात सापडलेला मी एकटा नसणार. चूक नसताना भरायचे नाहीत, असं माझं मत. तुमचं?

मुकाट_भरतो
भरा हो आणि सुटा. मी एकदा अशीच ऑनलाइन तक्रार टाकली होती. तीन महिने उत्तर नाही. मग गाडी विकायला काढली, तर गिऱ्हाईक म्हणालं, आधी चलनं मिटवा. झक मारत भरले. पाचशे रुपयांसाठी रक्त आटवायचं वय नाही राहिलं आता.

कोर्टाची_पायरी
अजिबात घाई करू नका. पैसे भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड. ती झाली की प्रकरण मिटलं, मग 'माझी चूक नव्हती' हे कुणाला सांगणार? आणि प्रश्न फक्त पाचशेचा नाही. कलम १७७ मध्ये पहिल्या वेळी ५००, पुढच्या वेळी १५००. आजचं खोटं चलन उद्याच्या खऱ्याला महाग करतं.
महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक, पाटीचा फोटो आणि '३१ आणि १ दोन्ही विषम' एवढं एकच वाक्य टाका. निबंध नको, वाचणाराही माणूसच असतो. नाहीच ऐकलं तर कोर्टात सांगायचं, गुन्हा कबूल नाही. मग सिद्ध करायचं काम त्यांचं.
लोकअदालतीची नोटीस आली तर जपून. तिथे तडजोड होते, निर्दोष कुणी ठरवत नाही, आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही.

फुटपाथवाली
चलन आलं की प्रत्येक जण निर्दोष! आमच्या गल्लीत फुटपाथवर चार गाड्या कायम. आई वॉकर घेऊन भर रस्त्यातून चालते. तिने कुठे अपील करायचं? तुमची तारीख बरोबर असेलही, पण पाटीखालचा बाण बघितलात का? बाणाच्या उलट्या बाजूला लावली असेल, तर विषम काय नि सम काय.

मुकाट_भरतो
बाणाचा मुद्दा जबरा. मी तर आयुष्यात बाण बघितलेला नाही.

दहाचं_तिकीट
माहितीचा अधिकारही वापरा. साध्या कागदावर अर्ज, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, आणि त्या रस्त्याच्या पी-१, पी-२ च्या आदेशाची प्रत मागायची. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पाटी तर कुणीही खांबाला बांधतं, आमच्याकडे एका दुकानदाराने 'नो पार्किंग' स्वतःच रंगवून घेतलंय.

मुकाट_भरतो
म्हणजे पाचशे वाचवायला अर्ज, तिकीट, झेरॉक्स आणि अर्धी रजा. हिशेब तुम्हीच करा.

विषमज्वर
फुटपाथवाली, तुमचा टोमणा लागला म्हणून आत्ता जाऊन आलो. बाण आहे, डावीकडे. चलनातल्या फोटोत स्कूटरमागे पिठाच्या गिरणीचं शटर दिसतंय, आणि गिरणी पाटीच्या डावीकडे सात पावलांवर. पाटी, बाण, शटर एका फोटोत यावं म्हणून समोरच्या जिन्यावर चढलो, तर गिरणीवाले काका म्हणाले, "तुम्हालाही आलं का? मला पण एक तारखेलाच." त्यांनी भरून टाकलंय. मी आत्ताच तक्रार टाकली. काय होतं ते इथेच कळवतो.

फुटपाथवाली
बाण तुमच्या बाजूने आहे, मग भांडा. जिंकलात तर आमच्या गल्लीतल्या त्या चार गाड्यांची तक्रार कुठे करायची, तेही शोधून द्या.