अनुभव धागा: "देव मानत नव्हते, तरी..."

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. माझे वडील. सांगलीच्या मार्केट यार्डात चौतीस वर्षं तोलाईदार होते, हळदीची पोती तोलायचे. देव मानत नव्हते. घरात देव्हारा होता, तो आईचा. भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी एकच वाक्य म्हटलं, "देवधर्म करत नव्हते, तरी माणूस सरळ होता." मायेनंच म्हटलं. पण त्या "तरी"पाशी मी अडकले ती अजून तिथंच आहे. रोज देवळात जाणाऱ्याबद्दल "देवळात जायचे, तरी सरळ होते" असं आपण कधी म्हणतो का?

लहानपणी सुट्टीत मी आप्पांचा डबा घेऊन यार्डात जायचे. हळदीच्या धुळीनं त्यांच्या भुवया पिवळ्या झालेल्या असायच्या. नव्या शेतकऱ्याचा माल आला की पहिलं पोतं चढवायच्या आधी त्याला काट्याजवळ बोलवायचे. "बघा पाव्हणं, शून्यावर हाय का." तो म्हणायचा, "बघितलं, चढवा." आप्पा म्हणायचे, "न्हाई, वाकून बघा." तो वाकून बघेपर्यंत हमालाला पोत्याला हात लावू देत नसत. घाईचा सौदा असला की दुकानदार चिडायचे. आप्पा उत्तर द्यायचे नाहीत, नुसते उभे राहायचे.

हे त्यांना कुणी शिकवलं? नरकाची भीती नव्हती, पुण्याचा हिशेब नव्हता. मग काय होतं? मला माहीत नाही, म्हणून हा धागा.

आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखाला हा प्रश्न नवा नाही. देवाविषयी शंका बाळगून नीतीचा आग्रह धरणारे आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मले. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, पण निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, मानलाच. साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांनी आयुष्यभर सांगितलं की विरोध श्रद्धेला नाही, शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. याच मातीत सज्जनगड आहे, गोंदवल्याचं अन्नदान आहे. तेव्हा वाद नको. वाद आपण खूप घातलेत. मला अनुभव हवेत. कुणी बघत नसताना तुम्ही नीट वागलात, किंवा वागला नाहीत, तेव्हा मनात काय आलं? देव आला, कुणाचा चेहरा आला, की काहीच नाही? श्रद्धावान, नास्तिक, मधले, सगळ्यांनी लिहा. नाव नको, गाव पुरे.

आटपाडी तालुका, शेतकरी

टेंभूचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्याकडं टेंभू म्हणजे पाणी. कृष्णेचं पाणी तिथनं उपसून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आमच्या माळावर आणलंय. आगरकर तिथलेच, हे मला फार उशिरा कळलं.

पाण्याच्या पाळीची गोष्ट. त्या आवर्तनात माझी पाळी रात्री दोनला संपत होती, पुढची शेजारच्या काकूंची. नवरा नाही, पोरगा पुण्याला. काकूंना डोळा लागला असणार, बांधावर बॅटरी दिसेना. माझं डाळिंब तहानलेलं. अजून तासभर पाणी घेतलं असतं तर कुणाला कळलं असतं? कुत्रंसुद्धा जागं नव्हतं. खरं सांगतो, दहा मिनिटं घेतलं. मग दारं मोडलं, पाणी तिकडं वळवलं आणि जाऊन काकूंना हाक मारली.

देव आठवला नाही. आठवली आई. बहात्तरच्या दुष्काळात ती रोजगार हमीवर खडी फोडायची. हाताच्या भेगा मरेपर्यंत गेल्या नाहीत. काकूंच्या रानातली जमीन तशीच दिसत होती, एवढंच. ती दहा मिनिटं मात्र अजून सांगितलेली नाहीत काकूंना.

सातारा शहर, निवृत्त शिक्षिका

माझे वडील भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातल्या बोर्डिंगात वाढले. कर्मवीरांनी १९२४मध्ये ते सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका घरात राहायची, एका पंगतीत जेवायची, आपली कामं आपणच करायची. १९२७ला गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. त्या काळात हे किती अवघड होतं ते आता सांगूनही पटत नाही.

वडील सांगायचे, पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाची जात कळली आणि घास घशाखाली उतरेना. वडील माळकरी घरातले. एकादशी कधी चुकली नव्हती त्यांची. रात्री उपाशी झोपले. दुसऱ्या दिवशी भाकरी थापायची पाळी त्यांची आणि त्याच मुलाची एकत्र आली. वडलांना पीठ मळता येत नव्हतं. त्या मुलानं त्यांच्या हातावर हात ठेवून शिकवलं. एवढंच. कुणी भाषण दिलं नाही, कुणी धर्मग्रंथ काढला नाही. त्या दिवशी ते जेवले.

पुढं वडलांनी एकादशी सोडली नाही आणि पंगतही सोडली नाही. धर्मानं त्यांना वाईट केलं होतं असं मी म्हणणार नाही. तो घास अडकला तोही धर्मामुळंच, हे मात्र त्यांनी स्वतः कबूल केलेलं आहे. आणि लक्ष्मीबाई पाटील? जैन घरातल्या श्रद्धाळू बाई. मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्यांच्या श्रद्धेला कमी लेखायची माझी तयारी नाही. मला दोन्ही बाजू सांभाळायच्या आहेत म्हणून हे लिहीत नाही. आमच्या घरात दोन्ही घडलं, म्हणून लिहिते.

तासगाव तालुका

मी दारू प्यायचो. माळ घातली. तीन वर्षं पायी वारी केली, एक थेंब नाही. लोक पाया पडायचे, मला बरं वाटायचं. मग मेव्हण्याच्या लग्नात एक रात्र आली. मी काय केलं ते सांगतो. माळ काढली, खुंटीला अडकवली, प्यालो, सकाळी अंघोळ करून पुन्हा घातली. पुढं दीड वर्ष हेच. ती खुंटी आमच्या न्हाणीशेजारी होती. बायकोला माळ खुंटीला दिसली की ती पोरींना घेऊन माहेरी निघायची, न विचारता. म्हणजे माझी माळ गळ्यात आहे की खुंटीला, यावर माझं घर चालत होतं.

शेवटी साताऱ्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथं देवाचं नाव कुणी काढलं नाही. रोज गटात बसायचं आणि काल काय खोटं बोललो ते सांगायचं. आधी मला हे फालतू वाटायचं. बाराव्या दिवशी खुंटीची गोष्ट सांगितली. समोर बसलेला एक ड्रायव्हर रडायला लागला, म्हणाला, माझी खुंटी म्हणजे गाडीचा आरसा, तिथं मी ताईत अडकवतो.

नऊ वर्षं झाली. लोक विचारतात, मग देव खोटा का? तसं नाही. पहाटे हरिपाठ म्हणतो, त्या वेळेला हाताला आणि तोंडाला काही तरी लागतं. पण देवाकडं मी लपायला जात होतो. केंद्रात लपायला जागा नव्हती. फरक मला एवढाच कळला. खुंटी मी उपटली नाही, त्यावर आता टॉवेल असतो.

धागाकर्ती: दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. कळवल्याबद्दल मनापासून आभार. पुढं येऊ द्या.

मिरज

आमचं सतारीचं काम. पंढरपूरकडून भोपळे येतात. एखाद्याला आतून चीर असते. लाख भरून पॉलिश केलं की बाहेरून कळत नाही, आवाज मात्र दोन पावसाळ्यांत बसतो. अब्बा पाच वक्त नमाजी, पण कारखान्यात "अल्ला बघतोय" असं कधी म्हणाले नाहीत. चिरलेला भोपळा बाजूला काढताना म्हणायचे, "उद्या एखादं पोरगं हे मांडीवर घेऊन बसेल." मला आजही गिऱ्हाईकाचं तोंड दिसत नाही, ती मांडी दिसते.

सातारा, बँकेत नोकरी

वरचं सगळं वाचलं. आता वेगळं लिहिते. "नीतीला धर्म लागतो का" हा प्रश्न सुखवस्तू घरात बसून विचारणं सोपं आहे. माझी आजी फलटण तालुक्यातली. मेलेलं ढोर ओढायचं, त्याचंच मांस खायचं, हे तिच्या वाट्याला जन्मानं आलेलं होतं, आणि ते धर्मानंच ठरवलंय असं गाव सांगायचं. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली. आमच्या वस्तीनंही नंतर घेतली. आजीनं त्या दिवशी मडकी फोडली, जुनी, मांस शिजवायची. त्याच दिवशी ढोर ओढायला नकार दिला. महिनाभर कुणी कामाला बोलावलं नाही.

आजीला त्रिसरण-पंचशील तोंडपाठ होतं, पालीचा अर्थ सांगता यायचा नाही. पण "चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही" हे ती स्वतःच्या तोंडानं म्हणत होती. आयुष्यात पहिल्यांदा नियम तिनं घेतलेला होता, तिच्यावर लादलेला नव्हता. आजी म्हणायची, "आधी आमाला चांगलं वागायची मुभाच कुठं हुती?" हे वाक्य मी विसरू शकत नाही. चांगलं वागायलासुद्धा माणूस म्हणून उभं राहायला जागा लागते.

बाबासाहेबांनी धम्मात देवाच्या जागी नीती ठेवली. तेव्हा आमच्यासाठी उत्तर असं आहे की देव लागला नाही, धम्म लागला. एकट्यानं ते झालं नसतं. वस्ती सगळी उठली म्हणून झालं. भिवा रामजी आंबेडकर हे पोर ७ नोव्हेंबर १९००ला याच शहरातल्या शाळेत दाखल झालं. मी रोज त्या शाळेवरून बँकेत जाते.

वाळवा तालुका

माझ्या बहिणीनं जातीबाहेर लग्न केलं. जातीतल्या पंचांनी देवापुढं नारळ ठेवून आम्हाला वाळीत टाकलं. वडलांच्या मयताला खांदा द्यायला चौघं मिळाले नाहीत. चौथा खांदा वडलांच्या रेशन दुकानदारानं दिला, तो आमच्या जातीचा नव्हता, धर्माचाही नव्हता. २०१६चा बहिष्कारविरोधी कायदा पुढं आला, आम्हाला उशिरा कळला. तो नारळ ठेवताना पंचांचे हात थरथरत नव्हते. एवढंच लिहायचं होतं.

सांगली, गावभाग

हे लिहायला आठ दिवस घेतले. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या घरात ते शिरलं नाही. खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या आणि उतरलं. गल्लीत बाकी सगळ्यांचं गेलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा शेजारीण म्हणाली, "यांच्याही घरात कमरेइतकं होतं." माझ्यावरच्या मायेनंच म्हणाली. मी गप्प राहिले. माझ्या गप्प बसण्यावर त्यांनी सही घेतली. सुरुवातीची पाच हजारांची रोकड मिळाली.

मी रोज पोथी वाचते, सोमवार करते, आजवर कुणाचं दोन रुपये ठेवलेलं नाही. त्या पैशांतले काही घालून श्रावणात सत्यनारायण घातला. घर वाचलं म्हणून. गुरुजी कथा सांगत होते, साधुवाण्याच्या नावेत काय आहे असं विचारल्यावर तो वेलीपानं म्हणतो, तो अध्याय. मी शिरा हातात घेऊन बसले होते. तूप बोटांवरून मनगटाला आलं तरी खाववेना. कथा लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा ऐकू आली.

पैसे परत करायला गेले तर परत घ्यायची पद्धतच नव्हती. बाजूच्या झोपडपट्टीत एका बाईचं शिलाई मशीन वाहून गेलं होतं, तिला दिले. हिशेब मिटला असं मला वाटत नाही. धर्मानं मला थांबवलं नाही, हे खरं. पण नंतर स्वस्थ बसू दिलं नाही, हेही खरं आहे. तुमच्या आप्पांचा रिकामा काटा वाचला आणि वाटलं, ते आधी वाकून बघत होते, मी नंतर बघितलं.

धागाकर्ती: ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ गॅलरीत उभी होते. नदी आमच्याही खिडकीतून दिसते.

दोघा-तिघांनी विचारलं, आप्पांचं दहावं केलं का. नाही. त्यांची इच्छा होती त्याप्रमाणे देहदान केलं, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. दहाव्या दिवशी मोठी आत्या फोनवर हळूच म्हणाली, "मी इकडं माझ्या अंगणात घास ठेवला तर तुला राग येईल का गं?" आत्याचं वय ब्याऐंशी. धाकट्या भावाला तिनं कडेवर खेळवलेलं. मी म्हटलं, ठेवा. काय ठेवलंत? म्हणाली, "पिठलं-भाकरी आणि खर्डा. तो कावळ्यासाठी न्हाई ठेवला. त्याला आवडायचं म्हणून केलं, मग एकटीला खाववेना."