एसीचा गॅस भरण्याआधी कॉम्प्रेसरच्या क्लचची फट पाहा

कारचा एसी चालता चालता मध्येच गार हवा देणं थांबवतो, असा प्रश्न आलाय. "क्लच लागत नाही म्हणजे गॅस संपला" असं त्यावर दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. (हा गिअरचा क्लच नव्हे; इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीला एसीच्या कॉम्प्रेसरशी, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाशी, जोडणारी ही चुंबकाने ओढली जाणारी तबकडी.) गॅस फार कमी झाला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच्या क्लचला करंट जाऊ देत नाही, हे मान्य. पण इथे गाडी थंड असताना एसी चालतो आणि अर्ध्या तासाने सोडतो. इतका गॅस गळला असता तर सकाळीही चालला नसता.

माझ्या अकरा वर्षं जुन्या गाडीत हेच होत होतं. पुण्याहून सोलापूरला निघालो की यवतपर्यंत गारेगार, पुढे नुसता वारा. गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरला (आणि दोनदा पैसे घेतले). शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने एसी बंद पडलेला असतानाच क्लचच्या कॉइलच्या (करंट मिळाला की चुंबक होणाऱ्या वेटोळ्याच्या) वायरवर मीटर लावला. 13.5 व्होल्ट! म्हणजे फ्यूज, रिले, स्विच सगळं ठीक. मग क्लचची तबकडी आणि पुली यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. फट साधारण अर्धा मिलिमीटर हवी, निघाली जवळपास एक. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, करंट घटतो आणि मग चुंबकाला तबकडी एवढ्या लांबून ओढवत नाही. तबकडीमागचा एक पातळ शिम (वॉशरसारखी चकती) काढला, फट कमी झाली, काम झालं. व्होल्टेजच येत नसेल तर मात्र आधी कंडेन्सरचा (एसीचा गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) पंखा फिरतोय का बघा. आणि हल्ली काही गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे हे सगळं गैरलागू.