चौंडके नेमके कुठले? उगम आणि नाव यांविषयी मतभेद

नादवेध: नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेत जोगतिणींचे चौंडके ऐकू आले की ‘हे वाद्य कर्नाटकातले’ असे पुण्यात सहज म्हटले जाते. आधार दोनच: सौंदत्तीची यल्लमा आणि कन्नडमधील ‘चौडिके’ हे नाव. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. काखेत धरलेला, एका तोंडाला कातडे मढवलेला डबा, त्या कातड्याच्या मध्यातून निघून डाव्या मुठीत ताणलेली तात, आणि मूठ ओढताच चढणारा सूर, ही रचना बंगालच्या खमकात आणि मेवातच्या भपंगातही आढळते. नाव मला चामुंडेवरून आलेले वाटते. तिच्या नावातील ‘म’ जाऊन अनुनासिक उरते, असे हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृत व्याकरणात नोंदवले आहे; ते अनुनासिक मराठी ‘चौंडके’त टिकले, कन्नड रूपात टिकले नाही.

शब्दशोध: मी असहमत आहे. कर्नाटकातही चौडी, चौडेश्वरी या ग्रामदेवता आहेत, तेव्हा चामुंडेची व्युत्पत्ती मान्य केली तरी ती मराठीच्या बाजूने झुकत नाही. शिवाय हे वाद्य रेणुका-यल्लमेचे. परशुरामाने दैत्याला मारून त्याच्या देहापासून ते घडवले आणि आईपुढे वाजवले, असे भक्त सांगतात. मग त्याला दुसऱ्या देवीचे नाव का मिळावे, याचे उत्तर आपल्या मांडणीत नाही.

मुठेकाठ: आपण दोघेही त्याला चर्मवाद्य धरून चालला आहात, पण मुळात तेच तपासायला हवे. हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या वाद्य-अभ्यासकांच्या १९१४ च्या वर्गीकरणात अशा वाद्यांना ‘छेडलेले ढोल’ म्हणून चर्मवाद्यांत जागा मिळाली. १९८१ मध्ये संगीत-अभ्यासक लॉरेन्स पिकेन यांनी दाखवले की कंप पावते ती तात, कातडे तो नाद फक्त वाढवते. नाट्यशास्त्राच्या भाषेत हे अवनद्ध (कातड्याने मढवलेले) नव्हे, तत (तारेचे) वाद्य ठरते. म्हणून याचे गोत संबळ-दिमडीत शोधू नये, तुणतुण्यात शोधावे.

नादवेध: पिकेन यांचे ध्वनिशास्त्र मला मान्य आहे, परंतु जोगतीण चौंडक्यावर गाण्याची लयच धरते, सुराची साथ शेजारचे तुणतुणे करते. वाजवणाऱ्यांच्या लेखी ते तालवाद्यच आहे, आणि वाद्याचे गोत ठरवताना या वापराला मी कातड्याइतकेच महत्त्व देईन. तुणतुण्याचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. गोंधळी आणि शाहीर ज्या वाद्यावर गातात त्यातही कातड्यातून तार निघते. ती खुंटीला बांधली की सूर स्थिर राहतो, मुठीत घेतली की चौंडके होते. ही युक्ती मराठी मुलखात पूर्वीपासून होती.

शब्दशोध: हीच वाट उलट दिशेनेही चालता येते: मुठीतली तात आधी, खुंटी नंतर. यांपैकी जुने कोणते हे रचना पाहून ठरणार नाही; त्यासाठी कालनिश्चिती झालेला लेख किंवा शिल्प हवे. तोवर ‘कर्नाटकातून आले’ हे जितके निराधार, तितकेच ‘मूळचे मराठी’ हेही.